जुनी फायबरची बोट घेताय? पाण्यात उतरवून बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका

गळाने मासे धरायचा शौक असलेल्या आणि स्वस्तात छोटी बोट शोधणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. जरा लांबलंय पण पूर्ण वाचा, कारण नुसते पैसे गेले असते तर मी एवढं लिहायला बसलो नसतो. मला जी बोट विकली ती माणसं बुडवणारी होती आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत होतं, म्हणून डोकं अजून शांत होत नाही.

आम्ही पुण्याहून उजनीच्या बॅकवॉटरला जातो, भिगवणच्या पुढे. काठावरून चिलापी भरपूर लागते, पण उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपला की पाणी इतकं लांब सरकतं की मधे नुसता गाळ, पाय टाकला की गुडघाभर आत. कटला, रोहू पाहिजे तर आत जायलाच लागतं. तिथले मच्छीमार पत्र्याच्या होड्या वापरतात, पण त्या वजनाला जड आणि आपल्या गाडीवर टाकून न्यायच्या नाहीत. म्हणून दोन माणसांची, आठ फुटी, वल्ह्याची फायबरची बोट हवी होती. नव्या बोटीचं कोटेशन बजेटच्या दुप्पट येत होतं, त्यामुळे जुनी बघायला लागलो आणि ऑनलाइन एक जाहिरात सापडली. 'कमी वापरलेली, डबल बॉडी, आत फोम भरलेला, बुडणार नाही गॅरंटी, २२ हजार.' सोबत व्हिडिओ, निळी बोट, तीन माणसं बसलीयत, बोट मस्त चाललीय.

फोन केला तर माणूस बोलायला एकदम गोड. 'सर, दुसरं गिऱ्हाईक उद्या सकाळी येतंय, तुम्ही दोन हजार टोकन टाका, मी त्याला नाही म्हणतो.' टोकन टाकायला नंबर दिला तो वेगळ्याच नावाचा, म्हणे मेव्हण्याचा आहे, माझं लिमिट संपलंय.

हायवेलगत एका शेडमध्ये बोट होती, दोन ड्रमवर पालथी घातलेली आणि रंगाचा वास येत होता. विचारलं तर म्हणाला, 'सर तुम्ही येणार म्हणून एक हात मारला, चकाचक दिसायला नको का?' मी म्हटलं जवळ तलाव आहे, तिथे नेऊन पाण्यात टाकून बघू. इथे त्याचं सगळं ठरलेलं होतं हे आता कळतंय. आधी म्हणाला टेम्पोचं भाडं तुम्ही द्या. मी देतो म्हटलं. मग म्हणाला तलावावर परवानगी लागते, वॉचमन सोडत नाही. मग म्हणाला रंग ओला आहे, आज पाण्यात टाकली तर रंगाची वॉरंटी जाते. आणि मग ड्रॉवरमधून एक छापील कागद काढला, 'टेस्टिंग सर्टिफिकेट', त्यावर गोल शिक्का, क्षमता चार माणसं, 'हे असताना पाण्यात टाकायची गरज काय सर, इंजिनिअरने टेस्ट केलीय.' इंजिनिअरचं नाव नाही, तारीख नाही. सरकारी सर्व्हे, म्हणजे बोटीची तपासणी, तिचा कागद असा ड्रॉवरमधून निघत नाही. इनलँड व्हेसल्स कायदा २०२१ चा आहे, इंजिनाच्या बोटीला त्यात सर्व्हे आणि नोंदणी दोन्ही लागतात, आणि ते सर्टिफिकेट सरकारने नेमलेले अधिकारी देतात, विकणारा नाही.

त्याच टेबलावर त्याने अजून एक कागद विकला. 'धरणावर मासे धरायचा वर्षाचा परवाना, दीड हजार, लोकांना महिनोन्‌महिने मिळत नाही, माझी ओळख आहे.' हा दीड हजाराचा कागद म्हणजे निव्वळ रद्दी होती. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाकडून दिला जातो, बहुतेक ठिकाणी तो स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, आणि धरण जलसंपदा विभागाचं. परवानगी काय लागते ते त्या संस्थेच्या ऑफिसात जाऊन विचारायचं, तिसऱ्या कुठल्या माणसाकडून कागद घ्यायचा नाही. मी संस्थेत तो कागद दाखवला तर तिथल्या माणसाने हातात धरून लगेच परत दिला, 'दादा, असे कागद घेऊन आधीपण लोक आलेत.'

बिल मागितलं तर पक्कं बिल म्हणजे अठरा टक्के वर, नाहीतर कच्चं. त्याने कच्चं लिहून चार घड्या घालून वल्ह्यांबरोबर पिशवीत टाकलं. घरी येऊन उघडलं तेव्हा बघितलं, त्यावर लिहिलं होतं 'फायबर टाकी दुरुस्ती'. म्हणजे कागदावर त्याने मला बोट विकलेलीच नाही! फसवायचं म्हणूनच केलेलं काम होतं हे, चुकून खराब माल गेला असं काही नाही, आणि म्हणूनच हे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

आता बोटीचं. उजनीला आमच्या ओळखीचे एक भोई काका आहेत, आयुष्य पाण्यावर गेलंय. त्यांनी बोट बघितली आणि आम्हाला बसूच दिलं नाही. म्हणाले, 'आधी दोरी बांधून रिकामी सोडा, चहा पिऊन येऊ.' चहा पिऊन आलो तर बोट डाव्या अंगाला कलंडलेली आणि आत वीतभर पाणी. रिकामी असताना! वर दोन माणसं, सामान आणि काठापासून लांब गेलेलो असतो तर काय झालं असतं ते मला लिहवत नाही.

काकांनी बोट पालथी करायला लावली आणि खिशातून पाच रुपयाचं नाणं काढून बुडावर ठोकत गेले. चांगल्या फायबरवर नाणं मारलं की टणटण कडक आवाज येतो, सगळीकडे सारखा. मधल्या कण्यापाशी आल्यावर आवाज एकदम बद्द झाला. तिथे चाकूचं टोक घातलं तर लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, हाताच्या पंजाएवढा तुकडा निघून आला, गाडीच्या डेंटिंगला भरतात तीच लांबी, आणि तिच्याखाली कण्याला लांबलचक जुनी भेग. भेगेवर नव्या फायबर मॅटचा, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाचा, एक थरही दिला नव्हता, नुसती लांबी भरून, घासून, वर निळा रंग. लांबी ही आकार द्यायला असते, तिच्यात ताकद नसते, बोट पाण्यात वाकली-हलली की ती सुटते. खरी दुरुस्ती म्हणजे भेगेच्या दोन्ही बाजूला लांबपर्यंत घासून, रेझिनमध्ये (वाळून कडक होणारा चिकट द्रव) मॅटचे थर एकावर एक द्यायचे, आणि आतूनही. तेवढ्या कामाला वेळ आणि पैसा लागतो, लांबीला तासभर.

मग बसायच्या फळीखालचे बंद खण, ज्यात 'फोम भरलेला' होता. हे नीट समजून घ्या कारण सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. फायबर स्वतः तरंगत नाही. लाकडाची होडी पाण्याने भरली तरी वर राहते, फायबरचा तुकडा पाण्यात टाकला तर तो खाली जातो, कारण पाण्यापेक्षा जड आहे. बोट तरंगते ती तिच्या आकारामुळे, आत हवा आहे तोवर. आत पाणी भरलं की तिला वर धरणारा एकच आधार, बंद खणातला फोम, एक लिटर फोम ढोबळमानाने एक किलो वजन वर धरतो. आमच्या बोटीचा खण कापला तर आत टीव्हीच्या खोक्यात येतात ते थर्माकोलचे कोपरे, सुटे, चार-पाच. त्यातले दोन कडेने विरघळून आत बसलेले, कारण पॉलिस्टर रेझिन थर्माकोलला खातं, वर रेझिन ओतलं की थर्माकोल आक्रसून जातं. जो माणूस रोज फायबरचं काम करतो त्याला हे माहीत नाही असं होऊच शकत नाही. आणि खणाच्या तळाचा जोड बंदच केलेला नव्हता, म्हणजे बोटीत पाणी आलं की खणातही पाणी.

मागची फळी, जिथे मोटर लावतात, ती पण बघा. आत प्लायवूड असतं, पाणी मुरलं की कुजतं, वरून कळत नाही. वर-खाली जोर लावून हलवली की कळतं, आमची हलत होती.

आणि तो व्हिडिओ. घरी येऊन मोबाईलवर थांबवून थांबवून बघितला. व्हिडिओतल्या बोटीला वल्ह्याच्या कडीला दोन बोल्ट, मला दिलेल्या बोटीला चार. रंग तोच, बोट दुसरी. म्हणून कुणी व्हिडिओ दाखवला तर म्हणा आत्ता व्हिडिओ कॉल कर आणि हीच बोट माझ्यासमोर पाण्यात टाक.

मे २०२४ मध्ये याच उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, त्यात लहान मुलंही होती. त्या भागात कुणालाही विचारा, वळवाच्या दिवसात दुपारनंतर वारा कसा उठतो. मोठ्या पाण्यावर असा वारा असताना चांगल्या बोटीचीही परीक्षा होते, तिथे लांबी लावलेली बोट घेऊन कुणी आपल्या पोराला शेजारी बसवून गेला असता तर? मला सारखा हाच विचार येतो, म्हणून त्या माणसाचा राग जात नाही.

फोन केला तर आवाज बदललेला. 'सर तुम्ही दगडावर आपटली असणार. जुना माल आहे, गॅरंटी कसली.' नंतर ब्लॉक. बोट काकांच्या अंगणात झाकून ठेवली, फोटो काढले, कापलेल्या खणाचे, निघालेल्या लांबीचे, थर्माकोलचे, बाजूला मोजपट्टी धरून. चॅट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयचे व्यवहार सगळं जपून ठेवलं. हे जपलं होतं म्हणूनच पुढे काही हलतंय, कारण बिलावर 'टाकी' असली तरी चॅटमध्ये तो स्वतः 'बोट' लिहितोय आणि २२ हजारचा आकडा आहे. तुमचे पैसे नुसतेच ऑनलाइन गेले असतील, माल मिळालाच नसेल, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तासाभरात केला तर पैसे पुढे जायच्या आत अडवले जाण्याची शक्यता जास्त. माल मिळालाय पण खोटा आहे तर ग्राहक आयोग. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, तिथे मराठीतही बोलता येतं, आणि मालाचे पाच लाखांपर्यंत पैसे दिले असतील तर जिल्हा आयोगात फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. मी केलीय. पोलिसांत अर्जही दिलाय, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम, आधीचं ४२०.

नोटीस गेल्यावर त्याचा दुसऱ्या नंबरवरून निरोप आला, बोट परत आणून द्या, आठ हजार देतो, विषय संपवा. घरचे म्हणाले घे आणि मोकळा हो. मी नाही म्हटलं. ती बोट परत दिली की तो परत लांबी भरणार, परत रंग मारणार आणि तुमच्यापैकी कुणाला तरी देणार.

ज्यांना खरंच कमी पैशात पाण्यावर जायचंय त्यांनी माझं ऐका, पहिला सीझन बोट घेऊच नका. तिथल्याच मच्छीमाराला विचारून सकाळची होडी त्याच्यासकट भाड्याने घ्या, त्याला पाण्याखालची बाभळीची खोडं कुठे आहेत, धरणात बुडालेल्या जुन्या पळसदेव गावाच्या बाजूला दगड कुठे आहेत ते तोंडपाठ असतं. घ्यायचीच असेल तर हवेची पीव्हीसी बोट दिवसभर फुगवून ठेवा, दुसऱ्या दिवशी सैल पडली तर नको, आणि पातळ खेळण्यातल्या प्लास्टिकची अजिबात नको, एक बाभळीचा काटा पुरे. फायबर घेणार असाल तर नाणं खिशात ठेवा, खणाचं झाकण उघडायला लावा, टेम्पोचं भाडं आपण भरा पण पाण्यात टाका, आणि रिकामी सोडून निदान तासभर थांबा. पैसे ज्याच्याकडून बोट घेताय त्याच्याच नावावर, बिलावर 'बोट' हा शब्द, लांबी-रुंदी आणि क्षमतेसकट. लाइफ जॅकेट प्रत्येकाला एक, घातलेलं, पिशवीत ठेवलेलं नाही.

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात परत दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, बोट पिवळी, वाक्य तेच, 'डबल बॉडी, आत फोम भरलेला, बुडणार नाही गॅरंटी', फक्त किंमत २४ हजार झालीय. मी रिपोर्ट केलीय. तुम्हाला दिसली तर तुम्हीही करा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि कुणी आधीच टोकन भरलं असेल तर बाकीचे पैसे देऊ नका, आजच तक्रार करा.