फायबरवरचा भूकंप सेन्सर, आठ महिने वापरून

डॅसचा (DAS, म्हणजे फायबर केबललाच कंपनं टिपणारा सेन्सर बनवणारं तंत्र) बॉक्स घेतला तो एकाच कारणासाठी, नवी केबल टाकावी लागत नाही. जमिनीत आधीच पडलेल्या रिकाम्या फायबरच्या एका टोकाला जोडायचा, तो लेसरचे पल्स सोडतो आणि काचेतून विखरून मागे येणारा प्रकाश वाचतो, केबल कुठे जराशी जरी ताणली गेली तरी कळतं, म्हणजे दर काही मीटरला एक सेन्सरच की! पी लहर, म्हणजे भूकंपाची आधी पोहोचणारी हलकी लहर, पकडण्यात खरंच भारी. पण १०० किमीवरच्या भूकंपात पी आणि मागून येणाऱ्या जोरदार एस लहरीमध्ये जेमतेम १२ सेकंद, इशारा द्यायला तेवढाच वेळ, त्यातले थोडे हिशोबातच जातात.

आता वैताग. कुठला चॅनल (केबलचा एकेक सेन्सर-तुकडा) रस्त्यावर नेमका कुठे हे बॉक्स सांगत नाही, ठोका कुठल्या चॅनलवर दिसतो ते बघायला दोन दिवस रस्त्यावर हातोडी आपटत फिरलो, लोक बघत होते. चेंबरमधलं केबलचं गुंडाळलेलं वेटोळं तर ढिम्म, जमिनीला चिकटलेलंच नाही ना ते. ट्रक गेला की स्क्रीनवर तिरकी रेघ. डेटा रोज टेराबाइटच्या घरात. आणि हादरा जोराचा असला की सिग्नलच गंडतो, मग तीव्रतेचा आकडा काय कामाचा? त्यासाठी जुने सिस्मोमीटर जोडीला ठेवलेत. सपोर्टवाले मेलला आठवड्याने उत्तर देतात. साडेतीन स्टार.