कोकमाचा डीएनए आणि रिकाम्या पाकिटाचा रिपोर्ट

झाडांवर काम करताय आणि डीएनए काढायचं काम बाहेर द्यायचा विचार आहे? मग हे वाचाच.

माझं काम कोकमावर आहे. कोकमाचं पान म्हणजे डोक्याला ताप. पान वाटलं की त्यातली फिनॉल्स हवा लागून काळपट होतात आणि डीएनएला चिकटतात. चिकट शर्करांचा त्रास वेगळाच. शेवटी नळीच्या तळाशी शेंबडासारखा तपकिरी गोळा उरतो, पिपेटची टिप उचलली की तार सुटते.

आमचा सेंट्रीफ्यूज (नळ्या वेगाने फिरवायचं यंत्र) बंद पडलेला, प्रकल्पाची मुदत संपत आलेली. म्हणून एका खाजगी लॅबला निम्मे पैसे आगाऊ देऊन काम दिलं. "कुठलंही झाड द्या सर, क्वालिटीची गॅरंटी आमची!"

रिपोर्ट देखणा होता. 260/280 चं गुणोत्तर (260 आणि 280 नॅनोमीटरला नमुना किती प्रकाश शोषतो त्याचं; शुद्ध डीएनएचं साधारण 1.8) सगळीकडे 1.8 ते 1.85. कोवळी लालसर पालवी असो की जून पान, आकडा तोच! 260/230 चा रकाना मात्र गायब. कोकमात खरी गोम तिथेच कळते, कारण शर्करांची घाण 230 ला दिसते. पीसीआर (डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) लावला, जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारी लादी) पट्टा नाही. फिनॉल्स आड येत असतील म्हणून नमुना दहापट, मग पन्नासपट पातळ केला, तरी जेल कोरंच. नुसता डीएनए जेलवर लावला तर खाली आरएनएचा धूसर पसारा आणि वर, जिथे अखंड डीएनएची ठसठशीत रेघ हवी, तिथे काहीच नाही. आरएनएही 260 लाच प्रकाश शोषतो, त्यामुळे कागदावर आकडे भरगच्च दिसतात.

तक्रार केली तर म्हणे, "सॅम्पलच खराब होतं, फ्रीमध्ये रिपीट करून देतो."

या खेपेला एका पाकिटात पान घातलंच नाही, फक्त सिलिका जेल (पान सुकवायचे खडे). कुणी पाकीट उघडलं असतं तर लगेच फोन आला असता. आला तो रिपोर्ट. त्या पाकिटाचंही गुणोत्तर 1.83! सोबतच्या जेलच्या फोटोत लॅडर (तुलनेसाठी लावलेली ठरावीक लांबीच्या तुकड्यांची रांग) कापलेला, आणि तिसऱ्या रांगेतला बुडबुड्याचा डाग पहिल्या रिपोर्टमधल्या फोटोत होता तिथेच. फोटोही जुनाच चिकटवलेला. (निदान डाग तरी पुसायचा!)

काम देण्याआधीच लेखी ठरवून घ्या: नॅनोड्रॉपचा (प्रकाशाचं शोषण मोजणारं यंत्र) पूर्ण आलेख, लॅडरसकट न कापलेला जेलचा फोटो आणि क्युबिटचं (आरएनए वगळून डीएनए मोजू शकणारं यंत्र) माप. एकच पान दोन वेगळ्या नंबरांनी पाठवा, शिवाय एक रिकामं पाकीट. "पद्धत गोपनीय आहे" म्हणाले तर तिथूनच परत फिरा. वनस्पतींचा डीएनए काढायची सीटॅब पद्धत 1980 च्या दशकापासून छापील आहे, त्यात गुपित कसलं?

पुढे सेंट्रीफ्यूज दुरुस्त झाल्यावर कोवळी पालवी घेऊन आम्हीच काम केलं. सीटॅबमध्ये फिनॉल्सना आवरणारी पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल ही रसायनं वाढवली, मीठ जास्त ठेवलं, क्लोरोफॉर्म दोनदा फिरवला. पट्टा आला.

त्या लॅबचं उरलेलं बिल खरेदी विभागाने दोन्ही फोटो जोडून परत पाठवलंय. आगाऊ दिलेल्या पैशांबद्दल विचारलं की फोन उचलत नाहीत.