कपाळावरच्या आठ्या : बोटॉक्स की ट्रेटिनॉइन?

चाळिशी-पंचेचाळिशीत कपाळावरच्या आठ्यांचं काहीतरी करायचं मनात आलं की पर्याय ढीगभर दिसतात. गाळत गेलं तर खरी निवड दोनातच उरते. एक बोटॉक्सची इंजेक्शनं, दुसरं रात्री ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वापासूनचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं क्रीम) आणि दिवसा सनस्क्रीन. फिलर (कातडीखाली भरायचं जेल), लेसर, पील (रसायनाने वरची कातडी सोलणं) वगैरेंचा पुढे उल्लेख येईल, पण ओझरताच. ही दोन्ही चालतात, त्यात वाद नाही. पण ती वेगवेगळ्या गोष्टींवर चालतात, आणि आपल्या कपाळावर कुठली गोष्ट जास्त आहे हे न बघताच बरेच जण निर्णय घेऊन मोकळे होतात.

म्हणून आधी आरसा. खिडकी एका अंगाला येईल असं उभं राहा, कारण समोरून पडणाऱ्या उजेडात रेघा लपतात. चेहरा अगदी सैल सोडा. रेघा फक्त भुवया उचलल्यावरच उमटत असतील तर मामला सगळा स्नायूचा आहे. चेहरा सैल असतानाही दिसत असतील तर रेघेच्या वरची आणि खालची कातडी दोन बोटांनी हलकेच विरुद्ध दिशांना ताणा. रेघ पुसली गेली तर ती वरवरची. तशीच राहिली तर ती खोलवर बसलीय, आणि अशा रेघेला एकटा कुठलाच उपाय पुरत नाही. मध्यमवयात बहुतेकांच्या कपाळावर या सगळ्यांची सरमिसळ असते : मधल्या एक-दोन रेघा बसलेल्या, बाकीच्या येणाऱ्या-जाणाऱ्या.

दुसरी चाचणी याहून महत्त्वाची आहे आणि ती फारसं कुणी करत नाही. डोळे अलगद मिटा, कपाळ सैल होऊ द्या, बोटांनी दोन्ही भुवया हाडावर जिथल्या तिथे दाबून धरा आणि मग डोळे उघडा. डोळे नेहमीसारखे सहज उघडले तर ठीक. पापण्या जड वाटल्या, वरचा भाग झाकल्यासारखा वाटला किंवा बोटांखाली कपाळ वर जायची धडपड करताना जाणवलं, तर तुमच्या आठ्या नुसत्या आठ्या नाहीत. वयानुसार वरच्या पापणीची कातडी सैल पडते, आणि समोरचं नीट दिसावं म्हणून कपाळाचा स्नायू दिवसभर भुवया उचलून धरतो. ते त्याचं काम चाललेलं असतं. याच्याच बरोबरीने चष्म्याचा नंबरही तपासून घ्या. जवळचं दिसेनासं झालेलं असताना चष्मा टाळणारे कपाळ आणि डोळे आक्रसून वाचतात, आणि मग क्रीमच्या नळ्या संपल्या तरी फरक पडत नाही.

आता बोटॉक्स. ते मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन हे निरोप नेणारं रसायन सुटू देत नाही, त्यामुळे स्नायूपर्यंत आकसण्याचा निरोपच पोचत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कपाळ सैल पडू लागतं, पूर्ण परिणाम दोन आठवड्यांत दिसतो आणि साधारण तीन ते चार महिन्यांत ओसरतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने भुवयांमधल्या उभ्या रेघांसाठी याला २००२ मध्ये मान्यता दिली आणि कपाळावरच्या आडव्या रेघांसाठी २०१७ मध्ये. आडव्या रेघांची मान्यता एकट्या कपाळासाठी नाही, हे नीट लक्षात घ्या. कपाळाला पाच ठिकाणी मिळून २० युनिट (युनिट हे मात्रेचं माप) आणि त्याच बैठकीत भुवयांच्या मध्ये पाच ठिकाणी मिळून आणखी २०, असं ते गणित आहे. प्रत्यक्षात बरेच डॉक्टर कपाळाला याहून कमी देतात, आणि ते शहाणपणाचंच आहे.

दोन्हीकडे का द्यायचं, तर भुवया वर उचलणारा स्नायू एकच, कपाळाचा. खाली ओढणारे मात्र अनेक, आणि त्यांतले दोन भुवयांच्या मधोमध असतात. नुसतं कपाळ सैल केलं तर खाली ओढणाऱ्यांना मोकळं रान मिळतं आणि भुवया डोळ्यांवर उतरतात. म्हणूनच 'फक्त वरच्या रेघांचं करा, स्वस्तात होईल' हा हट्ट महागात पडतो. इंजेक्शन भुवईच्या किती वर दिलं यालाही महत्त्व आहे. दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा खाली आलं की भुवई उतरण्याचा धोका वाढतो. उलट फक्त मधला भाग सैल केला आणि कडेचा तसाच सोडला, तर भुवयांची बाहेरची टोकं कमानीसारखी चढतात आणि माणूस सतत आश्चर्यात असल्यासारखा दिसतो. हा दोष सोपा आहे, कडेला एखाद-दोन युनिट दिली की निवळतो. पुरुषांचा हा स्नायू सहसा जाड असतो, त्यांना मात्रा जास्त लागते. केस मागे हटलेले असतील तर इंजेक्शनांची ओळही वर न्यावी लागते, नाहीतर खालचं कपाळ गुळगुळीत आणि वर टाळूजवळ दोन रेघा, असं विचित्र दिसतं.

डॉक्टरांना विचारायचंच असेल तर कोणतं औषध आणि किती युनिट, हे विचारा, आणि लिहून घ्या. निरनिराळ्या कंपन्यांची युनिट एकास एक नसतात. भुवयांमधल्या त्याच रेघांसाठी बोटॉक्सची शिफारस २० युनिटची आहे आणि डिस्पोर्ट या दुसऱ्या कंपनीच्या तशाच औषधाची ५० ची, त्यामुळे आकडा ऐकून कोण जास्त देतंय याचा अंदाज बांधू नका. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला बोलावत नसतील तर दुसरीकडे जा. गरोदरपणात, अंगावर पाजत असताना, मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असताना किंवा टोचायच्या जागी जंतुसंसर्ग असताना हा रस्ता बंद. इंजेक्शननंतर चार तास कपाळ चोळू नका, आडवे होऊ नका, घट्ट टोपी घालू नका असं सांगतात. त्यामागचा पुरावा फारसा भक्कम नाही, पण पाळायला कष्टही नाहीत.

माझं पारडं ट्रेटिनॉइनकडे झुकलं ते बोटॉक्सच्या एका कटकटीमुळे, आणि ती सुईची किंवा पैशाची नाही. भुवई उतरली तर तिला उतारा नाही. हायलुरोनिक अ‍ॅसिडचा फिलर चुकला तर हायलुरोनिडेज या एन्झाइमने विरघळवता येतो, इथे तसं काही नाही. पापणी खाली आली तर अ‍ॅप्राक्लोनिडिनचे थेंब घालून ती एखाद-दोन मिलिमीटर उचलता येते, पण भुवईवर त्यांचा उपयोग होत नाही. औषध ओसरेपर्यंत जड पापण्यांनी वावरायचं. डोळ्यांत काजळ-लायनर घालणाऱ्यांना ते आधी कळतं, वाचणाऱ्यांना संध्याकाळी कळतं. पंचविशीतल्या कपाळाला राखीव ताकद असते, पापण्या घट्ट असतात, तिथे ही चूक खपून जाते. मध्यमवयात ज्यांची वरची चाचणी 'जड' येते, त्यांच्या बाबतीत हा स्नायू सैल करणं म्हणजे खांब काढून घेऊन छत कसं खचलं म्हणून विचारणं. कसलेल्या हाताकडून असं क्वचित घडतं, हे मान्य. पण हात कसलेला आहे की नाही हे आपल्याला दोन आठवड्यांनी कळतं.

ट्रेटिनॉइनचा त्रास याहून जास्त जणांना होतो, पण तो आपल्या हातातला असतो. आज कातडी सोलली तर उद्या लावू नका, विषय संपला. मला हे मोठं वाटतं. कुणाला वाटणार नाही.

हे अ जीवनसत्त्वाचं आम्लरूप. अमेरिकेत मुरुमांसाठी १९७१ पासून मान्य आहे आणि ०.०५ टक्क्यांचं एक क्रीम बारीक सुरकुत्यांसाठी १९९५ मध्ये मान्य झालं. त्वचेत नवं कोलॅजन (तिला घट्ट ठेवणारं प्रथिन) बनायला ते चालना देतं आणि उन्हामुळे होणारी कोलॅजनची झीज कमी करतं. सुरकुती 'घालवतं' असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. बारीक रेघा उथळ होतात, कातडीचा पोत आणि रंग सुधारतो, खोल रेघा थोड्या मऊ पडतात. तेही तीन महिन्यांच्या आत दिसत नाही, सहा महिने धरून चला. बरेच जण त्याआधीच सोडतात, म्हणजे त्रास सगळा भोगून झाल्यावर आणि फायदा सुरू व्हायच्या आधी.

लावायची पद्धत इथे औषधाइतकीच महत्त्वाची आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ०.०२५ टक्क्यांपासून सुरुवात करा. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून घ्या आणि वीस-तीस मिनिटं थांबा. ओलसर कातडीत औषध जास्त मुरतं आणि जळजळतं. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरतं. नुसत्या कपाळाला त्याच्या निम्मंही खूप झालं. मधोमध ठिपका ठेवून न पसरवता पाच-सहा बारीक ठिपके करा आणि मग पसरवा, नाहीतर मध्यभाग सोलतो आणि कानशिलांपर्यंत औषध पोचतच नाही. भुवयांच्या लगेच वर थांबा, कारण घामाबरोबर ते खाली डोळ्यांत उतरतं. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, पुढचा महिनाभर एक रात्र सोडून, आणि झेपलं तर रोज. रोज नाही झेपलं तरी एक रात्र सोडून कायम लावत राहण्यात काही बिघडत नाही. कातडी नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझरचा हात, मग औषध, मग पुन्हा मॉइश्चरायझर. जोर थोडा कमी होतो, पण टिकून राहता येतं, आणि शेवटी तेच मोजलं जातं.

बिघडतं ते घाईमुळे. लवकर फरक पडावा म्हणून जास्त लावलं की परिणाम वाढत नाही, फक्त दाह वाढतो. सावळ्या आणि गव्हाळ कातडीत दाहामागून काळे डाग येतात, म्हणजे रेघा होत्या तिथे रेघाही आणि डागही. त्याच रात्री ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिड लावू नका. बेंझॉइल पेरॉक्साइडही नको, ते साधं ट्रेटिनॉइन निकामी करतं. भुवयांना किंवा कपाळाला वॅक्स करायचं असेल तर आठवडाभर आधी थांबा, नाहीतर मेणाबरोबर वरची कातडी निघते. उजेडात औषध विघटतं, म्हणून ते रात्रीच लावायचं आणि नळीचं झाकण लगेच बंद करायचं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर हेही वर्ज्य, हे इथे ठळकपणे सांगायला हवं. चाळिशीतही ते लागू आहे.

सनस्क्रीनशिवाय हा सगळा खटाटोप फुकट. एसपीएफ ३० किंवा ५०, अतिनील-ए किरणांपासूनही संरक्षण देणारं, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. अतिनील-ए काचेतून आत येतात, त्यामुळे खिडकीशेजारी बसणाऱ्यांनाही सूट नाही. केसांच्या रेषेलगतची पट्टी हमखास सुटते. विरळ केसांच्या लोकांनी ती टाळूपर्यंत मोजावी.

ज्यांना ट्रेटिनॉइन सोसतच नाही त्यांनी रेटिनॉल घ्यावं. ते त्वचेत आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग आम्ल बनतं, म्हणून मवाळ आणि हळू. चालतं, पण वेळ आणखी लागतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. कपाळाच्या मध्यात फिलर, माझ्या मते, नकोच. तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या आहेत, आणि फिलर वाहिनीत शिरला तर दृष्टी जाण्यापर्यंत प्रकरण जातं. क्वचित, पण जातं. फ्रॅक्शनल लेसर आणि खोल पील बसलेल्या रेघांवर ट्रेटिनॉइनहून जास्त काम करतात, मात्र गडद कातडीत डागांची जोखीमही तितकीच. अशा कातडीवर रोज काम करणारा त्वचारोगतज्ज्ञ असेल तरच. रात्री चिकटवायच्या सिलिकॉनच्या पट्ट्यांनी सकाळी कपाळ छान दिसतं, दुपारपर्यंत.

तर मग कुणी काय घ्यावं? पापण्या घट्ट आहेत, रेघा भुवया उचलल्यावरच येतात, आणि महिनाभरात कुठे उठून दिसायचं आहे, तर बोटॉक्सला तोड नाही. ट्रेटिनॉइन तिथे शर्यतीतही नाही. दर तीन-चार महिन्यांची तारीख सांभाळायची तयारी हवी, एवढंच. पापणीची चाचणी जड आली असेल तर इंजेक्शनाआधी नेत्रतज्ज्ञांना पापण्या दाखवा. आठ्यांचा उपाय कधीकधी तिथेच निघतो. राहिलेल्या सगळ्यांनी, म्हणजे रेघा थोड्या बसल्यात, थोड्या हलत्या आहेत आणि घाई नाही अशांनी, ट्रेटिनॉइनपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. बोटॉक्स पुढे कधीही घेता येतं.

सुरुवातीच्या दिवशी त्याच खिडकीशेजारी दोन फोटो काढून ठेवा, एक सैल चेहऱ्याचा, एक भुवया उचललेला. बाराव्या आणि चोविसाव्या आठवड्यात तेच फोटो तशाच उजेडात पुन्हा. आरशावर भरवसा ठेवू नका, रोज बघणाऱ्याला हळू होणारा फरक दिसत नाही. चोविसाव्या आठवड्यात सैल चेहऱ्याचा फोटो सुधारला आणि उचललेला तसाच राहिला, तर उरलंय ते स्नायूचं. तेव्हा कमी मात्रेचं बोटॉक्स वरून घ्यायला हरकत नाही. फक्त टोचायच्या आदल्या आणि त्या रात्री ट्रेटिनॉइन लावू नका, म्हणजे टोचलेल्या जागी उगाच चुरचुरणार नाही.