केप एपिक: सिंगलट्रॅकवरची कोंडी आणि तिचा हिशेब

दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात एरवी मार्चमध्ये होणाऱ्या केप एपिक या जोड्यांच्या माउंटन बाइक शर्यतीबद्दल बोलणं निघालं की चढ, ऊन आणि खर्च यांचीच चर्चा होते. प्रोलोग म्हणजे पहिल्या दिवसाची छोटी शर्यत धरून आठ दिवस, सहाशे-सातशे किलोमीटर, पंधरा हजार मीटरच्या आसपास चढ. आकडे दमवणारेच आहेत. पण मधल्या किंवा मागच्या गटातून जाणाऱ्या जोडीचा दिवस कसा जाईल, हे सिंगलट्रॅकच्या, म्हणजे एका वेळी एकच सायकल जाईल अशा अरुंद पायवाटेच्या तोंडाशी ती कितव्या नंबरावर पोचते यावर जास्त ठरतं. म्हणून हे परीक्षण फक्त कोंडीपुरतं. जेवण, तंबू, मालिश वगैरे व्यवस्था चोख आहेत, त्याबद्दल इथे एवढंच.

सोबत साधारण ६५० जोड्या म्हणजे १,३०० स्वार असतात. आता एक हिशेब करून बघा. चढाच्या पायवाटेवर मधल्या फळीतला स्वार ताशी ६ किमीने जातो, म्हणजे सेकंदाला १.७ मीटर. सायकलची लांबी आणि पुढच्यापासूनचं सुरक्षित अंतर मिळून ५ मीटर धरले, तर एका ठिकाणावरून दर ३ सेकंदांना एक स्वार जातो. मिनिटाला वीस, तासाला बाराशे. सगळं सुरळीत चाललं तरी अख्खी शर्यत त्या अरुंद तोंडातून जायला तासाच्या वर वेळ लागणार. आता कोणीतरी उतरून सायकल ढकलू लागला की वेग ताशी ३ किमीवर येतो आणि त्याच वाटेची क्षमता निम्मी होते. शिवाय ढकलणारा माणूस सायकलच्या बाजूने चालतो, त्यामुळे दोघांची जागा अडते. मागचा चढून जाऊ शकत असला तरी त्याला उतरावंच लागतं, कारण तीव्र चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा पेडल मारून निघणं बहुतेकांना जमत नाही. एका माणसाचा पाय टेकला की मागचे तीस-चाळीस जण चालू लागतात, ते असे.

आयोजकांनी हे ओळखलेलं आहे, आणि त्यांचा सगळ्यात चांगला निर्णय प्रोलोगचा आहे. पहिल्या दिवशी वीस-तीस किलोमीटरच्या छोट्या मार्गावर जोड्या एकेक करून ठराविक अंतराने सुटतात. त्या वेळेवरून पहिल्या टप्प्याला एकत्र सुटणारे गट लागतात, आणि पुढे एकूण क्रमवारीनुसार ते बदलतात. त्यामुळे एकाच गतीची माणसं एकत्र येतात, आणि कोंडी कमी करण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. अव्वल महिलांची सुरुवातही आता वेगळी असते. पूर्वी हौशी पुरुषांच्या जोड्या त्यांच्या शर्यतीत अडकायच्या, त्या दृष्टीने हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

पण याच पद्धतीचा दुसरा परिणाम असा, की प्रोलोगमध्ये पंक्चर झालेली चांगली जोडी तिच्या लायकीपेक्षा दोन-तीन गट मागे पडते आणि पुढच्या दिवशी अरुंद वाटांवर हळू माणसांच्या मागे तास घालवते. वर येता येतं, पण त्यासाठी रुंद मातीच्या रस्त्यांवरच जोर लावावा लागतो. प्रोलोगला ‘नुसता सराव’ समजणं म्हणूनच चूक. तिथे टायर मजबूत लावा, थोडा वेग गेला तरी चालेल. आपल्याकडून जाणारा स्वार बहुधा घाटरस्त्यांवर तयार झालेला असतो. त्याचा दम कमी पडत नाही. वेळ जातो तो चढावरच्या आखूड वळणांवर आणि दगडी उतारांवर. जाण्याआधी रुंद वाटेवर खडूने अरुंद पट्टा आखून त्यात ताशी ४-५ किमीने सरळ चालवणं, आणि पाय न टेकता दहा सेकंद जागेवर तोल धरणं, हे दोन सराव महिनाभर केले तरी गट बदलू शकतो.

मार्ग दरवर्षी बदलतो, त्यामुळे मागच्या वर्षीची कोंडीची जागा पुढच्या वर्षी असेलच असं नाही. तरी मार्ग जाहीर झाला की नकाशात एकच गोष्ट शोधावी: सुरुवातीपासून पहिल्या सिंगलट्रॅकपर्यंत रुंद रस्ता किती आहे आणि तो चढाचा आहे का. दहा-पंधरा किलोमीटर रुंद रस्ता, त्यात एक लांब चढ, असं असेल तर गट आपोआप लांबट होतो आणि तोंडाशी गर्दी कमी होते. सपाट रस्ता असेल तर शंभर जण एका झुबक्यात पायवाटेला येऊन भिडतात. स्टेलनबॉशजवळच्या योंकर्सहूकच्या वाटा किंवा तुलबाखजवळ विट्झेनबर्ग खोऱ्याच्या बाजूची जुनी बैलगाडीवाट अशा जागी हे स्पष्ट दिसतं. बैलगाडीवाटेवर तर दगडच असे आहेत की बरेच जण चालतात. तिथे ओव्हरटेकचा विचार सोडून जोडीदाराबरोबर खाणंपिणं उरकून घ्यावं.

जोडीच्या नियमाने कोंडी आणखी किचकट होते. दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, पडलं तर दंड. पुढचा माणूस संधी साधून चार जणांना मागे टाकतो, जोडीदार मागेच अडकतो, आणि मग पुढचा वाटेच्या कडेला थांबून राहतो. तो थांबलेला माणूस स्वतःच नवा अडथळा. म्हणून ओव्हरटेक करायचा तर दोघांनी मिळून, आणि हळू जोडीदाराने पुढे. मागचा वेगवान माणूस हाक देतो, “दोघं आहोत, उजवीकडून,” आणि दोन सायकलींना पुढे जायला जागा मिळेपर्यंत थांबतो. दक्षिण आफ्रिकेत वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे उजवीकडून पुढे जाण्याची सवय आपल्याला असतेच. जबाबदारी पुढे जाणाऱ्याची, पण ढकलणाऱ्याने चालवणाऱ्याला वाट द्यायची. हा संकेत मागच्या गटांत सर्रास मोडला जातो. तिथे मार्शलनी अधिक कडक असावं असं माझं ठाम मत आहे, कारण चालणाऱ्यांना एका बाजूला लावलं तर क्षमता लगेच वाढते.

सायकलीची तयारीही या गर्दीसाठी वेगळी हवी. मागे ५१ दातांची मोठी चकती आणि पुढे ३२ ची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) असेल तर २९ इंची चाकावर पेडलच्या एका फेरीत साधारण १.४५ मीटर अंतर जातं. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर ताशी ५.२ किमी. पुढे ३० लावली तर ४.९, २८ लावली तर ४.६. फरक किरकोळ वाटतो, पण रांग ताशी साडेचारने सरकत असताना ३२ वाल्याला फेऱ्या ५२ वर आणाव्या लागतात, तोल डगमगतो आणि पाय टेकतो. मागच्या गटात जाणार असाल तर ३० किंवा २८ घ्या, सपाटीवर जाणारा वेग तुम्हाला तिथे फारसा लागत नाही. ड्रॉपर पोस्टचा, म्हणजे चालवताना वर-खाली करता येणाऱ्या सीटच्या दांडीचा फायदाही फक्त उतारावर नसतो. रांगेत थांबताना सीट खाली केली की चढावर पाय नीट टेकतो आणि निघताना पुन्हा वर करता येते.

वाटेच्या कडेला उतरावं लागणार, आणि तिथे काटे असतात. २.४ इंची टायरमध्ये १०० ते १२० मिलिलिटर सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) ठेवा, चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा थोडं भरा, आणि छिद्रात खुपसायचे प्लग खिशात ठेवा, बॅगेत नको. पंक्चर झालं तर सायकल उचलून वाटेबाहेर न्यायची. वाटेतच वाकून काम करणारा माणूस पाच मिनिटांत शंभर जणांना अडवतो.

ज्यांना इतकी रांग नको, त्यांच्यासाठी त्याच देशात आणि बाहेरही दुसरे पर्याय आहेत. क्वाझुलू-नाताळमधली सानी-टू-सी ही हिमेव्हिल ते स्कॉटबर्ग अशी तीन दिवसांची जोडीची शर्यत २००५ पासून चालते. तिने गर्दीवर सरळ उत्तर काढलं: एकाच मार्गावर वेगवेगळ्या दिवशी सुटणाऱ्या स्वतंत्र स्पर्धा. उमकोमास खोऱ्यात उतरणारी तिची पायवाट कोणाच्या मागे न अडकता चालवता येणं, याला वेगळीच किंमत आहे. वाइन्स-टू-व्हेल्स या दुसऱ्या शर्यतीनेही हीच पद्धत वापरली. मात्र तिच्या पहिल्या दिवशी गांताऊ खिंडीत सगळ्यांनाच सायकली ढकलत चढायचं असतं. कॅनडाची बीसी बाइक रेस जवळजवळ पूर्ण सिंगलट्रॅकवरच चालते, तिथे लाटांनी, म्हणजे थोड्या थोड्या अंतराने एकेक गट सोडण्याशिवाय पर्यायच नसतो.

केप एपिकला प्रवेशशुल्क, विमान आणि सायकलची वाहतूक धरून लाखांत खर्च येतो. क्रमवारीच्या वरच्या तिसऱ्या भागात येण्याइतकी तयारी असेल तर या पैशांत उत्तम आखलेल्या वाटा जवळजवळ मोकळ्या मिळतात. मधल्या भागात असाल तर दर मोठ्या सिंगलट्रॅकला पंधरा-वीस मिनिटं रांगेत जातील असं धरून वेळापत्रक आणि खाणं ठरवा. शेवटच्या गटात जायचं असेल आणि मुख्य ओढ पायवाटांची असेल, तर आधी सानी-टू-सीचा अर्ज भरा.