५७ फुटी नॅरोबोट: एप्रिलपासून थंडीपर्यंतचा अनुभव

आम्ही दोघं एप्रिलपासून इंग्लंडच्या कालव्यांवर एका जुन्या नॅरोबोटीत, म्हणजे अरुंद कालव्यांसाठी बांधलेल्या लांबट, चिंचोळ्या बोटीत राहतोय. कळलं की लोक आधी आतल्या लाकूडकामाचे फोटो मागतात. माझं सांगणं असं, की बोट विकत घ्यायला गेलात तर आधी पाण्याची टाकी केवढी, बॅटऱ्या किती जुन्या आणि टॉयलेट कुठलं ते बघा. तुमचा दिवस कसा जाणार, ते यावरच ठरतं.

मापाबाबत आम्ही खूश आहोत. रुंदी ६ फूट १० इंच, कारण इथली जुनी अरुंद लॉक (पाणी भरून-सोडून बोटीला वर-खाली नेणाऱ्या, दारं असलेल्या कोठड्या) जेमतेम ७ फुटांची आहेत. ५७ फुटी बोट जवळजवळ सगळीकडे जाते. ७० फुटी बोट उत्तरेकडच्या काही लॉकमध्ये मावत नाही, त्यामुळे मोठ्या स्वयंपाकघराच्या मोहात पडू नका.

सध्या आम्ही ऑक्सफर्ड कालव्याच्या दक्षिण भागात, नॅप्टन ते बॅनबरीच्या पट्ट्यात आहोत. सकाळी चहा झाला की इंजिनाचं तेल बघायचं, मग वीड हॅच (पंख्यावरचं झाकण) उघडून बोट ढकलणाऱ्या पंख्यात काही अडकलंय का ते हाताने चाचपायचं. दोरी, प्लास्टिकच्या पिशव्या, एकदा तर अख्खी साडी निघाली! इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकल्याशिवाय हात घालायचा नाही, हा आमच्याकडे पक्का नियम आहे.

निघालं की वॉशिंग मशीन लावायचं. इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटऱ्या भरतो आणि इंजिनाच्या उष्णतेने टाकीतलं पाणीही तापतं. म्हणून धुणं, आंघोळ, भांडी ही सगळी कामं प्रवासाच्या वेळेला जोडलेली. मोरीचं पाणी थेट कालव्यात जातं, तेव्हा साबण सौम्यच वापरा. धक्क्याला उभं असताना रात्री ८ ते सकाळी ८ विजेसाठी इंजिन चालवायचं नाही, असा नियम आहे. तो योग्यच आहे, शेजारची बोट हाताच्या अंतरावर असते.

वेगमर्यादा ताशी ४ मैल. उभ्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू, नाहीतर त्यांच्या दोऱ्या ताणून खुंट्या उपटतात. एका लॉकला साधारण पंधरा मिनिटं धरा. वर चढताना एक जण बोट आत नेतो, दुसरा मागचं दार लावतो, विंडलासने (हाताने फिरवायच्या चावीने) पॅडल, म्हणजे पाणी आत सोडणारी झडप उचलतो, पाणी भरत जातं आणि पातळी सारखी झाली की दाराच्या लांब तुळईला पाठ लावून रेटायचं. खाली उतरताना मात्र सगळं लक्ष बोटीच्या मागच्या टोकावर हवं. वरच्या दाराखाली दगडी सिल असते, भिंतीवर तिची पांढरी खूण केलेली दिसते. बोट त्या खुणेच्या पुढेच ठेवायची. मागचं टोक सिलवर टेकलं आणि पाणी उतरत राहिलं, तर बोट बुडते. पाहुणे बोलायला आले तरी माझी नजर त्या खुणेवरून हलत नाही.

आमची टाकी सुमारे ५०० लिटरची. नळाला जोर कमी असला तर भरायला तास जातो. तेवढ्यात टॉयलेटची कॅसेट (मैला साठणारी, काढता येणारी छोटी टाकी) एल्सन पॉइंटवर, म्हणजे ती ओतायच्या कालव्याकाठच्या जागी रिकामी करून, धुऊन येता येतं. दोन माणसांना एक कॅसेट दोन-तीन दिवस पुरते, त्यामुळे जास्तीच्या कॅसेट ठेवाच. पंप-आउटची, म्हणजे केंद्रावर पंपाने उपसून घ्यायची मोठी टाकी सोयीची वाटते, पण ती भरली आणि पुढचं केंद्र लांब असलं तर पंचाईत. कॅसेटला माझं मत.

संध्याकाळी खुंट्या ठोकून बोट बांधली की स्टर्न ग्लँडच्या (पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथल्या, पाणी अडवणाऱ्या सांध्याच्या) ग्रीसरला एक-दोन पिळे द्यायचे. आमच्याकडे तिथून पाणी जरा जास्तच ठिबकत होतं. विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं. त्या सांध्यातलं पॅकिंग बदलल्यावर थांबलं.

थंडीत कोळशाची शेगडी दिवसरात्र धुमसत ठेवावी लागते. राख काढणं, गोण्या उचलणं, खिडक्यांवरचं पाणी पुसणं, हे रोजचंच. पण त्या उबेला दह्याला विरजण उत्तम लागतं, आणि शेगडीवर ठेवलेली आमटी जेवणापर्यंत गरम राहते. कोळसा, डिझेल, गॅस विकणारी बोट दारात येते, तिचे येण्याचे दिवस लिहून ठेवा. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक बंद होतात, तेव्हा नळ आणि एल्सन दोन्ही गाठता येतील अशी जागा आधीच बघा.

बोट बांधायला कायमची जागा (मूरिंग) नसलेल्यांना साधारण १४ दिवसांत पुढे सरकावं लागतं, आणि एप्रिल २०२४ पासून अशांना परवान्यावर अधिभारही आहे. मला सरकत राहणं आवडतं, पण शाळकरी मुलं किंवा ठरलेल्या जागची नोकरी असेल तर आधी मूरिंग शोधा, मग बोट. भाड्याने घेऊन बघायची असेल तर जुलैऐवजी मार्चच्या शेवटी घ्या आणि कॅसेट, पाणी, शेगडी ही कामं स्वतः करून बघा. ती करताना कुरकुर झाली नाही, तर खुशाल घ्या.