११ महिने, १४,००० किलोमीटर आणि न उघडणारी डिकी

सहा महिने झाले की लिहायचं असं ठरवलं होतं. तेव्हा लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आता ११ महिने झालेत. गाडी १४,००० किलोमीटर चालली, त्यातले ४,००० मागे ट्रेलर लावून. मध्ये एक घाट येऊन गेला आणि त्या घाटानंतर माझं मत दोनदा बदललं.

गाडी सात सीटची, दोन लिटर डिझेल, ऑटोमॅटिक. इंजिन, स्क्रीन, आवाज, सीटचं कापड याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. कागदावर ती ब्रेक असलेला २,००० किलोचा ट्रेलर ओढते, बिनब्रेकचा असेल तर ७५० किलो. आमचा ट्रेलर बंद पेटीचा, एका अक्षाचा, रिकामा ६२० किलो. आम्ही लाकडी खेळणी बनवतो आणि प्रदर्शनांना नेतो. स्टॉलच्या चौकटी, खोकी आणि एक छोटं लेथ (लाकूड कातायचं यंत्र) भरलं की तो १,३५० पर्यंत जातो. बंद पेटीच हवी होती, कारण पावसात ताडपत्रीखाली भिजलेलं रंगवलेलं लाकूड आम्ही एकदा फेकून दिलंय.

ट्रेलर ओढायलाच घ्यायची असती तर चासीवर बांधलेली मोठी गाडी घेतली असती. तिचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) लांब, पाठ भक्कम. पण वर्षातले बहुतेक दिवस गाडी शाळा, बाजार आणि आईंचा दवाखाना एवढंच करते. त्या रोजच्या फेऱ्यांना दुप्पट डिझेल जाळणं आम्हाला पटलं नाही. १,३५० म्हणजे २,००० पेक्षा खूप कमी, मग अडचण कसली, असा आमचा हिशेब. बेरीज बरोबर होती, पण बघितला तो आकडा चुकीचा होता.

घाटात काय झालं

दुपारची वेळ, एसी चालू, गाडीत आम्ही पाच जण. पुढे एक भरलेला ट्रक होता, त्यामुळे ३० च्या आसपास रखडत चढत होतो. गिअर सारखा तिसऱ्या-चौथ्यात हेलकावत होता. आधी जळकट वास आला, मग लाल दिवा लागला. गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान १२८. एरवी ते ८५ ते ९५ असतं, १२० च्या पुढे तेल झपाट्याने खराब होतं. नवऱ्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, पण इंजिन बंद केलं नाही. ते बरोबरच केलं, कारण इंजिन चालू असलं तरच तेल कूलरमधून फिरत राहतं. मी खाली उतरून ट्रेलरच्या चाकांमागे दगड लावले आणि रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण काढायला मागे गेले.

डिकी उघडेना.

बटण दाबलं, दार वीतभर वर आलं, ट्रेलर सुटा उभा ठेवायला पुढे असतो त्या जॅकच्या हँडलला टेकलं, बीप झालं आणि आपोआप बंद झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. या गाडीची डिकी वर जाताना मागे बाहेर येते, आणि ट्रेलर जोडल्यावर जॅकची नळी बरोबर त्याच जागी उभी असते. त्रिकोण, पाण्याचा कॅन, प्रथमोपचाराची पेटी, सगळं डिकीत. त्रिकोण तर डिकीच्या फळीखालच्या खोबणीत, आणि त्या फळीवर सामान रचलेलं.

आई म्हणाल्या, "अगं थांब, मी मुलांना घेऊन उतरते, तू आतून शिर." त्या दोघांना कठड्यापलीकडे घेऊन उभ्या राहिल्या. मी मधली सीट पाडली, पालथी होऊन बॅगांवरून सरकत गेले, एकेक बॅग पुढे ढकलली, फळी एका हाताने उचलून दुसरा हात खाली घातला. त्रिकोण हातात यायला आठ मिनिटं लागली. एवढा वेळ वळणावर आमच्या मागे काहीही इशारा नव्हता, नुसते लुकलुकणारे दिवे. ती आठ मिनिटं मी विसरणार नाही, म्हणूनच या अनुभवात डिकीला एवढी जागा देतेय.

गाडी बघायला गेलो तेव्हा डिकी दहा वेळा उघडून बघितली होती. हातातलं सामान न ठेवता पाय खालून फिरवून उघडते याचं कौतुकही केलं होतं. ट्रेलर लागल्यावर उघडते का, हे विचारायचं सुचलं नाही आणि दाखवणाऱ्यानेही सांगितलं नाही. मागची काच वेगळी उघडणाऱ्या गाड्या मिळतात. काच उघडून हात आत घातला असता तर ते काम अर्ध्या मिनिटाचं होतं. कुटुंबासाठी आणि ट्रेलरसाठी एकच गाडी घेणाऱ्याने ही काच सनरूफच्या आधी बघावी, असं माझं ठाम मत आहे.

सर्व्हिस सेंटरमधली भांडणं

तेल काळपट तपकिरी झालं होतं. सर्व्हिसवाल्याचं पहिलं वाक्य, "मॅडम, हूक बाहेरून बसवलाय, वॉरंटीत बसत नाही." ट्रेलर जोडायचा हा हूक त्यांच्याच ॲक्सेसरीच्या यादीतून, त्यांच्याच बिलावर बसवलेला. मी बिल दाखवलं. मग म्हणाले, ट्रेलर जास्त जड असेल. मी ट्रेलरची वजनपावती दाखवली, १,३५०. मग म्हणाले, साहेबांशी बोलून सांगतो. चार वेळा फोन, दोन वेळा प्रत्यक्ष फेरी, शेवटी मी सगळं लेखी मागितलं. लेखी द्यायची वेळ आल्यावर हुकाचा मुद्दा त्यांनी गपचूप सोडला. गिअरबॉक्सची वॉरंटी शाबूत राहिली, तेल मात्र आमच्या खर्चाने बदललं. राग अजून आहे, कारण या सगळ्यात एकानेही गाडीचं वजन बघायला सांगितलं नाही.

ते आम्हीच केलं, आणि इथे माझं मत पहिल्यांदा बदललं.

वजनकाट्यावर कळलेली गोष्ट

प्रदर्शनाला निघतो तशी गाडी भरली, पाचही जण बसलो, ट्रेलर जोडलेलाच ठेवून फक्त गाडी काट्यावर घेतली. ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावर स्टिकर असतो, त्यावर आमच्या गाडीचं कमाल वजन २,५५० किलो आहे. काट्यावर आलं २,५९०. मागच्या अक्षाची मर्यादा १,४००, भरलं १,४८०. म्हणजे ट्रेलर मर्यादेच्या कितीतरी आत, आणि गाडी मर्यादेबाहेर.

कारण ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं. त्याच्या जिभेचं, म्हणजे पुढे हुकाला जोडायच्या दांड्याचं, वजन हुकाच्या गोळ्यावर येतं आणि ते गाडीने उचललेल्या ओझ्यात धरतात. माणसं, बॅगा, हूक आणि जीभ, सगळं एकाच कोट्यातून जातं. आमच्या जिभेचं वजन निघालं १६५ किलो. वर तरफेचा हिशेब वेगळाच. आमचा व्हीलबेस २.७५ मीटर आणि गोळा मागच्या अक्षापासून १.१५ मीटर मागे. त्यामुळे गोळ्यावरचे १६५ किलो मागच्या अक्षावर २३४ होऊन पडतात आणि पुढची चाकं ६९ किलोने हलकी होतात. समोरून येणारे रात्री आम्हाला सारखे डिपर का मारायचे, ते तेव्हा कळलं. गाडी मागे बसल्यामुळे आमचे दिवे त्यांच्या डोळ्यांत जात होते.

हुकाच्या पाटीवर एस या अक्षरापुढे उभ्या वजनाची मर्यादा लिहिलेली असते. आमची १०० किलो. ती पाटी मी नऊ महिन्यांत एकदाही वाचली नव्हती. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के जिभेवर हवेत, हे मी ऐकलं होतं. तो अमेरिकेतला रिवाज, तिथल्या हुकांसाठी ठीक. युरोपीय पद्धतीच्या हुकांवर मर्यादा कमी असते आणि तिथे ट्रेलर हळू चालवतात. मी मात्र "वजन पुढे ठेवा" एवढंच धरून लेथ ट्रेलरच्या नाकात बांधलं होतं.

जिभेचं वजन घरी मोजता येतं. एक मजबूत फळी घ्या, एका टोकाखाली वीट, दुसऱ्या टोकाखाली माणसं वजन करतात तो काटा. विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट अशा जागी ट्रेलरची जीभ टेकवा. फळीचं वजन वजा करून काट्याचा आकडा तिप्पट करा. आता लेथ बरोबर ट्रेलरच्या अक्षावर बसतं आणि जीभ ९५ वर आहे. अक्षाच्या मागे जड काही ठेवायचं नाही, नाहीतर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. घरचं ६० किलो सामानही ट्रेलरमध्ये गेलं. गाडी आता २,४६० भरते.

क्षमतेचे आकडे कुठून येतात तेही वाचलं. अमेरिकेत ओढायची क्षमता ठरवायची एसएई जे २८०७ नावाची चाचणी पद्धत आहे. तिच्यात एसी पूर्ण चालू ठेवून लांब चढ चढवतात, हे चांगलंच आहे, पण गाडीत ड्रायव्हर आणि एक सहप्रवासी, प्रत्येकी सुमारे ६८ किलोचे, एवढेच धरतात. युरोपात १२ टक्के चढावर ट्रेलरसकट थांबलेली गाडी पाच मिनिटांत पाच वेळा पुढे काढून दाखवावी लागते. पाच जणांचं कुटुंब आणि सुट्टीचं सामान अमेरिकेतल्या त्या आकड्यात धरलेलं नसतं. आमच्या गाडीची गाडी अधिक ट्रेलर अशी एकत्रित मर्यादा ४,२०० आहे. पूर्ण भरलेली गाडी २,५५० आणि ट्रेलर २,००० म्हणजे ४,५५०. दोन्ही एकदम वापरताच येत नाहीत, पण जाहिरातीत दोन्ही शेजारी शेजारी छापलेले असतात.

गिअरबॉक्सबद्दल आता काय वाटतं

घाटानंतर दोन महिने मी सगळ्यांना ही गाडी घेऊ नका म्हणून सांगत होते. ते मागे घेते. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक झालेला नसतो तेव्हा त्यातली घसरण सरळ तेल तापवते. हळू चढावर गिअर ऑटोमॅटिकवर सोडला की लॉक होतो, सुटतो, पुन्हा होतो. वेगळा तेलाचा कूलर बसवून घेतला, जो टोइंगच्या (ट्रेलर ओढायच्या) पॅकेजमध्ये आधीपासून मिळाला असता आणि आम्ही पैसे वाचवायला सोडला होता. मागच्या महिन्यात तोच घाट पायथ्यापासून मॅन्युअल तिसऱ्यात, पुढे अंतर सोडून, ६० ने चढलो. एसी चालू होता. तेल १०४ च्या वर गेलं नाही.

डिझेलचं थोडक्यात सांगते. एकटी गाडी हायवेला १४ चं ॲव्हरेज देते. भरलेला ट्रेलर लावून ८० ने ८, आणि १०० ने ६.५. रिकामा ट्रेलर लावून ८० ने ८.६, फक्त. सपाट रस्त्यावर वजनापेक्षा ती उभी पेटी हवेला अडते तेच भारी पडतं, आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो ५६ टक्क्यांनी वाढतो. म्हणून आम्ही ८० सोडत नाही. इलेक्ट्रिक गाडीचा विचार करणाऱ्यांनीही हेच धरावं. ओढायची ताकद भरपूर असते, पण बंद ट्रेलरमागे रेंज साधारण निम्म्यावर येते.

वायरिंग मात्र कंपनीचंच घ्या. आम्ही पहिले पाच महिने दिव्यांच्या वायरला जोड मारून काम चालवलं होतं. ट्रेलरचे दिवे लागायचे, पण ट्रेलर लागलाय हे गाडीला कळतच नव्हतं. रिव्हर्सला सेन्सर ओरडायचे ते वेगळंच, खरी गोष्ट म्हणजे ट्रेलर डोलायला लागला तर त्याला आवरणारी यंत्रणा जागीच होत नव्हती. एकदा मोठी बस शेजारून गेली आणि ट्रेलर तीन-चार वेळा हलला. नवऱ्याने स्टिअरिंग सरळ धरून फक्त ॲक्सिलरेटर सोडला, तो शांत झाला. १३ पिनांचं मूळ सॉकेट बसवल्यावर गाडी ट्रेलर स्वतः ओळखते.

आता पुन्हा डिकी. पहिला जॅक जिभेला बोल्टने पक्का होता. तो काढून क्लॅम्पचा बसवला. जोडणी झाली की क्लॅम्प सैल करून अख्खा जॅक बाहेर काढायचा आणि ट्रेलरच्या दाराशी अडकवायचा. आता दार पूर्ण वर जातं. ट्रेलरच्या पेटीची कड आणि दाराची कड यांच्यात चार बोटं अंतर राहतं, पण फक्त गाडी आणि ट्रेलर सरळ रेषेत असले तर. वळणावर थांबलो तर कोपरा अजूनही लागतो. त्यामुळे त्रिकोण, टॉर्च आणि पाणी ड्रायव्हरच्या सीटखाली आणि मागे बांधलेल्या पिशवीत आहे. थोरल्या मुलाला ती काढता येते, त्याने करून दाखवलंय.

गाडी आम्ही ठेवतोय. पुढची घेताना ट्रेलर सोबत नेणार, जोडणार, चाकं वळवून उभी करणार आणि मग डिकीचं बटण दाबणार.