किनाऱ्यावरच्या लग्नात काय घालावं: नेसायची पैठणी नऊवारी, शिवलेली नऊवारी की घागरा?

गोव्यात किनाऱ्यावर लग्न ठरलं की मुली मला फोटो पाठवून विचारतात, "ताई, हे छान दिसेल ना?" दिसेल गं, तिन्ही छान दिसतात. पण गेली बारा वर्षं नवरीला साडी नेसवायचं काम करतेय, त्यामुळे मी आधी विचारते: मुहूर्त किती वाजताचा? आणि मांडव वाळूवर की हिरवळीवर?

दुपार कलली की समुद्राकडून वारा जोर धरतो. सकाळी नऊ-दहाच्या मुहूर्ताला जो पदर खांद्यावर निमूट राहतो, तोच चारच्या मुहूर्ताला अंतरपाटाच्या वर उडतो. बाजूला होम पेटलेला असतो, त्यामुळे सुटा पदर किंवा जाळीची ओढणी मला तिथे नकोच वाटते.

नेसायची नऊवारी या सगळ्याला पुरून उरते. काष्टा मागे घट्ट खोचलेला, पदर पिन केलेला आणि काठ घोट्याच्या वर. पाटावर मांडी घालून बसा, सप्तपदीला चाला, वाळू काठाला लागत नाही. येवल्याची किंवा पैठणची हातमागाची पैठणी असेल तर जड जरीच्या पदरामुळे ती वाऱ्यालाही फारशी दाद देत नाही. घेताना पदर उलटून बघाच. हातमागावर विणलेले मोर उलट बाजूनेही जवळजवळ तसेच दिसतात, यंत्रमागावर मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. अडचण एकच: नेसवणारी बाई लागते आणि निदान अर्धा-पाऊण तास लागतो. आईला किंवा आत्याला नऊवारी नेसवता येत असेल तर प्रश्नच मिटला.

शिवलेली नऊवारी पाच मिनिटांत चढते. सोबत नेसवणारं कुणी नसेल, तर मी स्वतः हीच सुचवते. फक्त हातमागाची पैठणी कापून शिवू नका, अगदी कळकळीने सांगते. एकदा कात्री लागली की ती साडी पुढे ना बहिणीला नेसता येते, ना लेकीला. शिवायला सेमी पैठणी, म्हणजे यंत्रमागावरची, घ्या. आणि फिटिंग बघताना उभं राहून आरशात बघू नका, जमिनीवर मांडी घालून वीस मिनिटं बसा. काष्टा ताणतोय का, ते तेव्हाच कळतं.

घाग्र्याचं सांगायचं तर वाळूवर मी तो टाळेन. गेल्या वर्षी एका नवरीचा घागरा रात्री उतरवला, तर घेर फुगवायला आतून लावलेल्या कॅनकॅनच्या जाळीत मूठभर ओली वाळू आणि सुरूच्या काटक्या अडकलेल्या. बिचारी दिवसभर तेवढं ओझं ओढत होती. शिवाय अस्तर, कॅनकॅन आणि भरतकामामुळे दमट हवेत उकडतं ते वेगळंच. हिरवळीवर किंवा हॉलमध्ये संध्याकाळच्या रिसेप्शनला मात्र घागरा खुशाल घाला. तिथे बसणं-उठणं कमी आणि फोटो जास्त.

सामानाचाही विचार करा. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोची मोठी बॅग आणि ७ किलोची हातातली बॅग चालते. भरजरी घागरा यातले सहा-सात किलो सहज खातो, पैठणी घडी घालून हातातल्या बॅगेत मावते. तीही मलमलच्या कापडात गुंडाळून न्या, प्लॅस्टिकमध्ये नको. अत्तर किंवा सेंट नेसायच्या आधी लावा. जरीवर उडालं तर जर काळी पडते. घरी आल्यावर लगेच कपाटात न टाकता खारी हवा निघेपर्यंत साडी सावलीत पसरून ठेवा, आणि मगच घडी घाला.